नाही म्हणण्याची किंमत

मार्च 1987. अॅरिझोनातल्या मेसा गावी शिकागो कब्ज या बेसबॉल क्लबचा हंगामाआधीचा सराव चालू होता. आंद्रे डॉसन हा खेळाडू आणि त्याचे एजंट डिक मॉस तिथे आमंत्रण नसताना येऊन थडकले. मॉस यांच्याकडे तयार करारपत्र होते. त्यात पगाराची जागा तेवढी कोरी होती. कब्जचे प्रमुख डॅलस ग्रीन यांनी हवा तो आकडा भरावा, डॉसन तेवढ्यात खेळेल, असा त्यांचा प्रस्ताव होता. ग्रीन यांनी 5 लाख डॉलर भरले आणि काही अटी पुऱ्या झाल्या तर थोडा बोनस देऊ केला. आदल्या वर्षी माँट्रियल एक्स्पोज संघाकडून डॉसनला 10 लाखांहून जास्त मिळाले होते.

एजंट म्हणजे मालकाच्या खिशातून जास्तीत जास्त पैसे काढणारा माणूस, अशी सर्वसाधारण समजूत. मग त्या काळातल्या सर्वांत मुरलेल्या एजंटांपैकी एकाने आपल्या खेळाडूचा पगार समोरच्या माणसाच्या मर्जीवर का सोडला? या प्रश्नाचे उत्तर मिळवायला थोडे मागे जावे लागते. तिथे गेले की एजंटाची ताकद त्याच्या जिभेत किती आणि बाहेरच्या नियमांत किती, हेही कळते.

दाराबाहेरचा वकील

व्यावसायिक बेसबॉलमध्ये सुमारे शंभर वर्षे प्रत्येक करारात एक कलम असे. त्याला 'रिझर्व्ह क्लॉज' म्हणत. करार संपला आणि खेळाडूने नवा केला नाही, तर क्लबला तोच करार आणखी एक वर्ष वाढवता येई. मालकांनी त्याचा अर्थ लावला तो असा: वाढवलेल्या करारातही हेच कलम आहे, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. अशा रीतीने एका वर्षाचा करार जन्मभराचा होई. क्लब खेळाडूला दुसऱ्या क्लबला देऊन टाकू शकत असे, पण खेळाडूला स्वतःहून कुठे जाता येत नसे. 1922 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू होत नाही असा निकाल दिला, आणि ही व्यवस्था आणखी पक्की झाली.

अशा व्यवस्थेत एजंटाने बोलायचे तरी कशावर? 1920च्या दशकात त्या काळचा गाजलेला खेळाडू बेब रूथ याच्यासाठी ख्रिस्टी वॉल्श काम करत. वर्तमानपत्रांतले लेख, जाहिराती, जाहीर कार्यक्रम यांचे व्यवहार ते पाहत. पगार हा विषय मात्र रूथ आणि मालक यांच्यातला राहिला. सामान्य खेळाडू तर हिवाळ्यात टपालाने आलेल्या करारावर सही करून तो परत पाठवी. आकडा पटला नाही तर घरी बसून राहायचे, एवढाच उपाय त्याच्या हाती होता.

1966 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या दोन पिचरनी तोच उपाय मिळून करून पाहिला. सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल यांनी आदल्या हंगामात संघाला अजिंक्यपद मिळवून दिले होते. एकाला सांगायचे की दुसरा इतक्यात तयार झाला, दुसऱ्याला पहिल्याचे नाव सांगायचे, ही व्यवस्थापनाची जुनी युक्ती दोघांच्याही लक्षात आली. त्यांनी हॉलिवूडच्या कलाकारांसाठी काम करणारे वकील बिल हेज यांना पुढे केले आणि तीन वर्षांसाठी दोघांत मिळून 10 लाख डॉलर मागितले. क्लबला वकिलाशी बोलणेच मान्य नव्हते. महिन्याभराने दोघे सरावाला रुजू झाले तेव्हा कोफॅक्सला 1 लाख 25 हजार आणि ड्रायस्डेलला 1 लाख 10 हजार मिळाले, तेही एका वर्षासाठी. पगार वाढला, पण हेज दाराबाहेरच राहिले. समोरच्या दोघांना दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे जाता येत नाही, हे डॉजर्सना पक्के ठाऊक होते.

त्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेची सूत्रे मार्व्हिन मिलर यांच्याकडे आली. ते पोलाद कामगारांच्या युनियनचे अर्थतज्ज्ञ होते आणि कारखानदारांशी वाटाघाटी करण्यात त्यांची हयात गेली होती. 1968 च्या पहिल्या सामूहिक करारात किमान पगार 6 हजारांवरून 10 हजार डॉलरवर गेला. 1970 च्या करारात आणखी दोन गोष्टी आल्या. तक्रारींचा निवाडा आता तटस्थ लवाद करणार होता, आणि पगाराच्या बोलणीला खेळाडूला आपला प्रतिनिधी नेता येणार होता. एजंट अखेर दाराच्या आत आला. पण खेळाडूला बाहेर जायचे दार अजून उघडलेले नव्हते.

अहोस्कीची रांग

ते दार फोडायचा मोठा प्रयत्न कर्ट फ्लड या खेळाडूने केला. 1969 मध्ये सेंट लुई कार्डिनल्सने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. आपण मालमत्ता नाही, असे त्याने आयुक्तांना कळवले आणि तो न्यायालयात गेला. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला.

जे न्यायालयात साधले नाही ते एका चुकवलेल्या हप्त्याने साधले. ओकलंडचा पिचर 'कॅटफिश' हंटर याच्या 1974 च्या करारात 1 लाख डॉलरपैकी निम्मे पैसे विमा कंपनीकडे भरायची अट होती. मालक चार्ली फिनली यांनी करांचा विचार करून ते भरले नाहीत. करार मोडला, म्हणून हंटर मोकळा, असा निकाल लवाद पीटर सायट्झ यांनी डिसेंबरमध्ये दिला. हंटरचे वकील नॉर्थ कॅरोलायनातल्या अहोस्की नावाच्या लहानशा गावातले. पुढचे काही दिवस बड्या शहरांतल्या क्लबांचे प्रतिनिधी त्या गावातल्या वकिली कचेरीसमोर रांगेने येऊन गेले. 31 डिसेंबरला हंटरने न्यूयॉर्क यँकीजशी पाच वर्षांचा, 30 लाख डॉलरहून मोठा करार केला. त्याला शाळेत असताना हेरून फिनली यांच्या क्लबमध्ये आणणारा क्लाइड क्लट्झ आता यँकीजकडे होता, आणि त्याच्यावरचा विश्वासही या निवडीत कामी आला.

हंटर तोच, त्याचा उजवा हात तोच, गोलंदाजी तीच. बदलले होते एवढेच की त्याच्यासाठी बोली लावणारे एकाचे अनेक झाले होते. खेळाडूची खुल्या बाजारातली किंमत त्या दिवशी सगळ्यांनी पाहिली.

वर्षभराने, 23 डिसेंबर 1975 ला, सायट्झ यांनीच अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाबतीत निकाल दिला: एक वर्ष वाढवलेला करार एकच वर्ष वाढतो, त्यापुढे नाही. रिझर्व्ह क्लॉज तिथे संपला. मालकांनी सायट्झ यांना त्याच दिवशी कामावरून काढले, पण निकाल टिकला. खेळाडूंच्या वतीने ही बाजू मांडणारे संघटनेचे वकील होते डिक मॉस, म्हणजे पुढे कोरा करार घेऊन मेसाला जाणारे.

आता संघटनेला वाटेल तेवढे मागता आले असते. मिलर यांना धास्ती वेगळीच होती. सगळे खेळाडू दर वर्षी एकदम मोकळे झाले तर बाजारात खेळाडूंचा पूर येईल आणि भाव पडतील. सगळ्यांना मोकळे करून टाका, असे फिनली आपल्या सहकारी मालकांना सांगत होते, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. 1976 च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळीक ठरली. दर हिवाळ्यात मोजकेच खेळाडू बाजारात, आणि घेणारे अनेक. 1976 मध्ये सरासरी पगार 50 हजार डॉलरच्या आसपास होता, 1980 मध्ये तो 1 लाख 40 हजारांच्या वर गेला. संघटनेतून बाहेर पडून एजंट झालेल्या मॉस यांनी 1979 मध्ये नोलन रायनला ह्यूस्टनकडून वर्षाला 10 लाखांहून जास्त पगार मिळवून दिला.

बोलीच लागत नाही तेव्हा

1985 च्या हिवाळ्यात अचानक सगळे थंडावले. नावाजलेले खेळाडू मोकळे झाले, पण त्यांच्या जुन्या क्लबशिवाय कोणी विचारेना. मालकांनी आपापसांत ठरवून टाकले होते: दुसऱ्याच्या खेळाडूला हात लावायचा नाही. 1987 मध्ये सरासरी पगार जवळजवळ जागच्या जागी थांबला.

डॉसनचा कोरा करार याच थंड काळातला होता. माँट्रियलच्या कृत्रिम मैदानावर धावून त्याचे गुडघे कामातून गेले होते आणि शिकागोच्या खऱ्या हिरवळीवर खेळायची त्याची इच्छा होती. कब्ज म्हणत होते, आम्हाला तो परवडणार नाही. मॉस यांनी ते कारणच काढून घेतले. आकडा तुम्हीच भरा म्हटल्यावर नकार द्यायचा तर कारण काय सांगणार? घेतला तर एकजूट फुटते, नाकारला तर कट उघडा पडतो. डॉसनने त्या वर्षी 49 होमरन मारले, कब्ज तळाला राहूनही लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि लवादांनी मालक दोषी ठरवले. 1990 मध्ये मालकांनी 28 कोटी डॉलर नुकसानभरपाई मान्य केली.

1985 ते 1987 या तीन वर्षांत एजंटांची हुशारी कमी झाली नव्हती. दुसरा क्लब बोली लावील ही भीती तेवढी मालकांच्या मनातून गेली होती. एजंट खेळाडूच्या वतीने 'नाही' म्हणतो, पण त्या नाहीला वजन येते ते जायला दुसरी जागा असली तरच.

सहा वर्षांचा हिशेब

म्हणून आजचा एजंट सर्वांत आधी पंचांग पाहतो. सेवेचे एक वर्ष म्हणजे मुख्य संघाच्या यादीत 172 दिवस. पहिली साधारण तीन वर्षे खेळाडूला क्लब ठरवील तो पगार, मात्र किमान पगाराच्या खाली नाही. 2025 मध्ये तो 7 लाख 60 हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षे पगारावर एकमत झाले नाही तर लवादाकडे जाता येते. सहा वर्षे भरली की मोकळीक.

या हिशेबात एका दिवसाची किंमत किती, हे क्रिस ब्रायंटच्या वेळी दिसले. 2015 च्या सरावात तो सर्वांहून जास्त होमरन मारत होता, तरी कब्जनी त्याला हंगामाच्या आरंभी खालच्या संघात ठेवले आणि 17 एप्रिलला वर आणले. वर्षअखेर त्याचे 171 दिवस भरले. एक दिवस कमी, म्हणून मोकळीक एक वर्ष लांबली. संघटनेची तक्रार लवादाने 2020 मध्ये फेटाळली. 2022 च्या करारात यावर तोडगा निघाला: सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळते, मग दिवस कमी का असेनात.

लवादाची पद्धत तर एजंटाची खरी परीक्षा घेणारी. 1974 पासून ती चालू आहे. दोन्ही बाजू एकेक आकडा देतात आणि लवादांना त्यांतला एकच निवडता येतो, मधला नाही. साहजिकच अवाजवी आकडा देणारा मार खातो. म्हणून आकडा ठरवणे हेच मोठे कौशल्य: तेवढ्याच सेवेचे, तशाच कामगिरीचे कोणकोण खेळाडू होते, त्यांना काय मिळाले, आणि दोन आकड्यांच्या मध्यापेक्षा आपला माणूस एक डॉलर तरी वरचा कसा. बहुतेक प्रकरणे सुनावणीआधीच मिटतात, कारण सुनावणी जिव्हारी लागते. क्लबचा वकील खेळाडूच्या देखत त्याचे दोष वाचून दाखवतो. 2023 मध्ये कॉर्बिन बर्न्सने मिलवॉकीकडे 1 कोटी 7.5 लाख मागितले, क्लबने 1 कोटी 10 हजार देऊ केले. बर्न्स हरला आणि क्लबशी असलेले नाते दुखावल्याचे त्याने उघड सांगितले. साडेसात लाखांहूनही कमी फरकासाठी क्लबने आपल्या सर्वोत्तम पिचरला नाराज केले. हे कटू बोलणे खेळाडूच्या तोंडून होऊ नये, त्याने सकाळी भांडून संध्याकाळी त्याच मालकासाठी खेळायला उतरू नये, हा एजंट नेमण्याचा एक मोठा फायदा.

कोणीही उठून एजंट होऊ शकत नाही. 1988 पासून खेळाडूंची संघटनाच त्यांना मान्यता देते आणि ती काढूनही घेते. मेहनताना साधारण 4 ते 5 टक्के असतो, आणि तो कापल्यावर खेळाडूचा पगार किमान पगाराच्या खाली जाता कामा नये. म्हणजे किमान पगारावरच्या नवख्यासाठी एजंट वर्षानुवर्षे जवळजवळ फुकट राबतो. ती त्याची पेरणी. पीक येते सातव्या वर्षी.

बोरास यांची बाडे

या धंद्यात सर्वांत गाजलेले नाव स्कॉट बोरास यांचे. कॅलिफोर्नियातल्या दुग्ध व्यावसायिकाचा हा मुलगा स्वतः खालच्या संघांत खेळला, गुडघ्यांनी साथ सोडल्यावर औषधनिर्माणशास्त्र शिकला, मग कायदा. पहिले अशील त्यांचे जुने सोबती खेळाडू. वाटाघाटीला येताना ते प्रत्येक खेळाडूवर छापलेले जाडजूड बाड आणत. त्यात आकडे, तुलना आणि भविष्याचे अंदाज असत. डिसेंबर 2000 मध्ये 25 वर्षांच्या अॅलेक्स रॉड्रिगेझला टेक्सस रेंजर्सने दहा वर्षांसाठी 25 कोटी 20 लाख डॉलर दिले. मालक टॉम हिक्स यांनी दोन वर्षांपूर्वी अख्खा क्लब सुमारे 25 कोटींत घेतला होता! तीनच हंगामांनंतर त्यांना तो यँकीजला द्यावा लागला, वर काही पगाराचा भारही उचलावा लागला.

पण बाडांनाही मर्यादा आहेत. डिसेंबर 2022 मध्ये बोरास यांचा अशील कार्लोस कोरिया सॅन फ्रान्सिस्कोशी 13 वर्षांसाठी 35 कोटींवर ठरला. वैद्यकीय तपासणीत घोट्याच्या जुन्या शस्त्रक्रियेवरून शंका निघाली आणि पत्रकार परिषद ऐनवेळी रद्द झाली. लगोलग न्यूयॉर्क मेट्सशी 12 वर्षांचे 31.5 कोटी ठरले. तिथेही तोच घोटा आडवा आला. जानेवारीत तो मिनेसोटाकडेच परतला, सहा वर्षांसाठी 20 कोटींवर. पुढच्या हिवाळ्यात ताणून धरण्याचा डावही फसला. नुकताच अजिंक्यपद जिंकलेला पिचर जॉर्डन माँटगोमेरी मार्चअखेरपर्यंत थांबला आणि अखेर एका वर्षाच्या 2.5 कोटींवर त्याने सही केली. सराव न झाल्याने हंगाम वाया गेला. त्याने एजंट बदलला आणि जाहीर नाराजीही व्यक्त केली. चुकीचा सल्ला एजंटाला महागात पडतो, पण त्याचे इतर अशील असतात. खेळाडूची कारकीर्द एकच.

पैसे किती आणि केव्हा

करारातला मोठा आकडा बातमीत येतो. खरी कारागिरी बारीक अक्षरांत असते. बॉबी बोनियाला 2000 मध्ये मेट्सकडून 59 लाख डॉलर येणे होते. त्याचे एजंट डेनिस गिल्बर्ट विमा व्यवसायातले. त्यांनी ते पैसे 8 टक्के व्याजाने पुढे ढकलले. आता 2011 पासून 2035 पर्यंत दर 1 जुलैला बोनियाला सुमारे 11 लाख 93 हजार डॉलर मिळतात. तो दिवस अमेरिकेत थट्टेचा विषय झाला आहे, पण घरात बसून दरसाल येणारे पैसे मोजणाऱ्याने ती थट्टा मनावर का घ्यावी?

शोहेई ओतानीच्या करारात हेच साधन उलट्या दिशेने वापरले गेले. डिसेंबर 2023 मध्ये त्याचे एजंट नेझ बालेलो यांनी डॉजर्सशी दहा वर्षांचा 70 कोटींचा करार केला. पैकी 68 कोटी 2034 ते 2043 या काळात, तेही बिनव्याजी. आत्ता वर्षाला फक्त 20 लाख. बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादा नाही, पण ठरावीक खर्चापुढे क्लबला दंडवजा कर भरावा लागतो. त्या हिशेबात ओतानीचे वर्ष 7 कोटींऐवजी सुमारे 4.6 कोटींचे धरले जाते, आणि उरलेल्या जागेत डॉजर्सना आणखी चांगले खेळाडू घेता येतात. ओतानीला जिंकायचे होते, जाहिरातींतून त्याला बक्कळ मिळत होते. अशिलाला नेमके काय हवे ते ओळखणे, हेही एजंटाचेच काम.

वान सोटोला मात्र सगळे पैसे हवे होते. 2022 मध्ये, 23 व्या वर्षी, त्याने वॉशिंग्टनचा 15 वर्षांचा 44 कोटींचा प्रस्ताव नाकारला, तेव्हा पुष्कळांनी तोंडात बोट घातले. बोरास यांचे गणित सरळ होते: सहा वर्षे भरतील तेव्हा तो जेमतेम 26 चा असेल. डिसेंबर 2024 मध्ये मेट्सने 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख दिले, एक डॉलरही पुढे न ढकलता. एका नकाराने अडीच वर्षांत साडेबत्तीस कोटींची भर घातली.

ज्यांना नाही म्हणता येत नाही

ही चैन सगळ्यांना नाही. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतून निवडलेल्या मुलाशी करार करायचा हक्क एकाच क्लबला असतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातली गरीब घरची मुले सोळाव्या वर्षी करार करतात आणि त्यांना घडवणारा स्थानिक दलाल बोनसमधून आपला वाटा घेतो. आपल्याकडच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या मुलांनाही एका एजंटानेच बेसबॉलमध्ये नेले. जे. बी. बर्नस्टीन यांनी 2008 मध्ये भारतात चेंडू फेकायची स्पर्धा भरवली, त्यातून दोघे पिट्सबर्गकडे गेले. दार उघडले, पण दोघेही मुख्य संघापर्यंत पोहोचले नाहीत. एजंट दारापर्यंत नेतो. पुढची सहा वर्षे खेळाडूलाच काढावी लागतात, आणि बहुतेकांच्या नशिबी ती नसतात. खालच्या संघांतल्या खेळाडूंना संघटनेचे छत्र मिळाले तेच मुळी 2022 मध्ये.

सध्याचा सामूहिक करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. पगारावर कमाल मर्यादा घालायचा मालकांचा हट्ट जुना आहे; त्यावरूनच 1994 मध्ये संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, रद्द करावी लागली. ही मर्यादा उद्या आली, किंवा सहाच्या जागी दुसरा आकडा आला, तर बोरास आणि बालेलो यांची सारी बाडे नव्याने लिहावी लागतील. तो निर्णय संघटना आणि मालक यांच्या बैठकीत होईल, एजंटांच्या कचेऱ्यांत होणार नाही. सोटोच्या 76 कोटींत बोरास यांचा वाटा आहे. फ्लडचा, सायट्झ यांचा आणि मिलर यांचा वाटा त्याहून मोठा आहे, आणि त्यांच्यापैकी कोणालाही त्यावर कमिशन मिळालेले नाही.